'पण' या शब्दावर अडलेलं वाचन

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली ते तिसरी एकत्र सांभाळते. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या लक्ष्यानुसार तिसरीच्या मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यायला हवेत. माझ्या तिसरीतली एक मुलगी त्याच्या बरीच पुढे आहे, घडाघडा वाचते. परवा तिला आज्ञाचिठ्ठी दिली : 'फळ्याजवळ जा, खडू उचल, पण काही लिहू नकोस.' तिने मनात वाचली, ऐटीत गेली आणि फळ्यावर स्वतःचं नाव लिहून आली. वर्ग हसला, तीही हसली. मग चिठ्ठी पुन्हा वाचताना 'पण'वर बोट ठेवून थांबली.

बरीच मुलं इथेच घसरतात. पण, ऐवजी, शिवाय, म्हणून. मोठ्याने वाचताना हे उघडं पडत नाही, कारण 'पण' म्हणायला फार सोपा.

दुसरा खेळ पट्ट्यांचा. गोष्टीची वाक्यं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायची, कापायची, गटाने क्रम लावायचा. एका गटाने 'म्हणून ती रडू लागली' ही पट्टी सर्वांत वर ठेवली. पहिलीतलं पोर पलीकडून ओरडलं, "अगं, पण तिला झालं काय?" त्यावर दहा मिनिटं भांडण. इतकं मन लावून माझा कुठलाच प्रश्न त्यांनी कधी ऐकला नव्हता.

सगळेच खेळ कामाचे नसतात, हेही सांगते. 'आधी हात वर करेल त्याला टाळ्या' हा प्रकार मी बंद केला. त्यात चार मुलं खेळतात, बाकीची टाळ्या वाजवतात.

तपासणीला येणारे साहेब मोबाइलवर वेळ लावतात, मूल उतारा वाचतं, रकान्यात खूण होते. लक्ष्यातलं 'अर्थासह' तिथेच गळतं. म्हणून विनंती : प्रत्येक तपासणीत दोन-तीन मुलांना आधी न पाहिलेली एक आज्ञाचिठ्ठी द्यावी. आणि आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तासभर आम्हाला चिठ्ठ्या लिहायला बसवावं. ते वाटतं तितकं सोपं नाही. माझ्या पहिल्या चिठ्ठ्या मुलं न वाचता शेजाऱ्याकडे बघून सोडवत होती.

मात्र याचं अभियान करू नका, साहेब. साहित्यसंचांची खरेदी नको, फोटो अपलोड नको, भरायला नवी लिंक तर मुळीच नको.

आमच्याकडे दौरा झालाच, तर आपल्यालाही चिठ्ठी मिळेल. मुलांनी दोन लिहून ठेवल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका