'सावर'वर लिहिणाऱ्या मित्रास

प्रिय संज्या,

अमेरिकन पॉप गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'सावर' या पहिल्या अल्बमवर लिहायला घेतलंयस, छान. पण 'समीक्षकांनी नावाजलं, पोरांनी डोक्यावर घेतलं' एवढ्यावर भागवू नकोस. आधी तारखा मांड. जानेवारीतलं कौतुक आणि ऑगस्टमधला वाद एकत्र कालवला की लेखाचा चिखल होतो.

तिचं 'ड्रायव्हर्स लायसन्स' हे गाणं आलं ८ जानेवारी २०२१ ला, तेव्हा ती १७ वर्षांची होती. सुरुवातीची गाडीची टिंगटिंग नीट ऐक, तीच पुढे पियानोचा सूर होते. लोक वेडे झाले ते मात्र ब्रिजवर, म्हणजे गाण्याच्या मध्यावर चाल बदलून येणाऱ्या कडव्यावर. तिथे एकटा आवाज थरावर थर चढवत जातो, आणि सगळ्यांनी मिळून ओरडून म्हणायची जागा तयार होते. हे गाणं एवढं चाललं की ईपीचा, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या संग्रहाचा बेत मोडून पूर्ण अल्बम करायचं ठरलं.

अल्बम आला २१ मे रोजी. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत २ लाख ९५ हजार युनिट. इथे बरेच जण फसतात. युनिट म्हणजे विकलेली प्रत नव्हे. अमेरिकेत गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्डच्या तेव्हाच्या हिशोबात पैसे भरून ऐकलेली १,२५० किंवा जाहिरातींसह फुकट ऐकलेली ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक युनिट. खऱ्या प्रती साधारण ७२ हजारच होत्या, बाकी बहुतेक सगळं स्ट्रीमिंग. ऑगस्टमध्ये व्हायनल, म्हणजे तबकडी, बाजारात आलं आणि अल्बम पुन्हा पहिल्या नंबरवर गेला. त्याला 'पुन्हा उसळलेली लोकप्रियता' म्हणू नकोस, रेकॉर्ड उशिरा छापून आल्या एवढंच.

समीक्षकांचा सूर एकंदर चांगला होता. कुरकुर होती ती बांधणीबद्दल. पहिलंच गाणं 'ब्रूटल' व्हायोलिनांनी सुरू होतं आणि एकदम गिटार अंगावर येते. ऐकणारा पुढेही तसाच दंगा धरून बसतो आणि मिळतात पियानोवरची ब्रेकअपची गाणी, एकामागून एक. ही तक्रार मला रास्त वाटते. श्रोत्यांना ती टोचली नाही, कारण त्यांना सुटी गाणी हवी होती.

खरी खाण गाणं कुणी लिहिलं याच्या श्रेयाच्या वादात आहे, लेखातली जास्त जागा त्याला दे. 'वन स्टेप फॉरवर्ड, थ्री स्टेप्स बॅक'मध्ये टेलर स्विफ्टच्या 'न्यू इयर्स डे'चा पियानो आहे, आणि स्विफ्ट व तिचा सहलेखक जॅक अँटोनॉफ यांची नावं पहिल्या दिवसापासून आहेत. 'देजा व्हू'चं तसं नाही. त्यातला ओरडल्यासारखा ब्रिज स्विफ्टच्याच 'क्रूअल समर'वरून सुचला हे तिनेच मुलाखतीत सांगितलं होतं. श्रेय मागाहून, जुलैमध्ये जोडलं गेलं. 'गुड फॉर यू' आणि पॅरामोर या रॉक बँडचं 'मिझरी बिझनेस' श्रोत्यांनीच एकावर एक चढवून दाखवलं. ऑगस्टमध्ये 'मिझरी बिझनेस' लिहिणारे हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो 'गुड फॉर यू'चे सहलेखक झाले. नुसत्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्या, सारख्या असणं ही काही चोरी नाही, त्या शेकडो गाण्यांत सापडतात. कान टवकारतात ते वेग, गिटारचा बाज आणि धृपदाची उसळी, तिन्ही एकत्र आले की. उलट 'ब्रूटल'च्या रिफवरून, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यावरून, लोक ब्रिटिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोच्या गाण्याकडे गेले, तर त्याने आपली काही हरकत नसल्याचं जाहीर सांगितलं.

आपल्याकडे संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचं नाव छापत. ऋण उघड, भानगड नाही. पॉपमध्ये त्या एका ओळीला रॉयल्टीचा वाटा चिकटलेला असतो, म्हणून ती वकिलांच्या हातून जाते. 'ती चोर ठरली' असं लिहू नकोस. कुठल्याच कोर्टाने तसं म्हटलेलं नाही.

एप्रिल २०२२ मध्ये तिला मिळालेल्या तीन ग्रॅमी पुरस्कारांना एक वाक्य पुरे.

अकरा गाणी, पस्तीस मिनिटंही भरत नाहीत. एकदा क्रमाने ऐक, मग वर सांगितलेल्या जोड्या लावून ऐक. मसुदा झाला की धाड. शेवटचं 'होप यू आर ओके' तुला आवडणार आणि मला ते अल्बमला चिकटवल्यासारखं वाटतं, ते भांडण समोरासमोर करू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या