रिफ्लेक्टर झाले, आता ट्रॉलीचे ब्रेक बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहनांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, फोटो छापून येतात. चांगलंच आहे. रात्री रस्त्याकडेला उभी ट्रॉली न दिसल्याने काय होतं, ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो. पुढच्याचं काय? ट्रॉलीला ब्रेक आहे का, आणि असला तर तो लागतो का, हे फोटोतल्या कुणी खाली वाकून बघितल्याचं मला तरी आठवत नाही. मी वाळवा तालुक्यात ट्रॉल्यांची कामं करतो; खाली वाकणं हाच माझा धंदा.

ट्रॅक्टर असतो दोन-अडीच टनांचा. मागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस. ब्रेक बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनाच. ड्रायव्हरने पाय दाबला की ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि ट्रॉली त्याला ढकलत राहते. उतारावर, त्यातून वळण असेल तर, ट्रॉली जोडायचा दांडा आडवा होऊन सगळंच दुमडतं.

या ढकलण्यावरच चालणारा एक ब्रेक आहे, आणि काही शेतकरी तो बसवून घेतात. दांड्याच्या तोंडाशी हूक एका सरकत्या नळीत बसवतात. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, नळी आत सरकते, आतला रॉड मास्टर सिलिंडर, म्हणजे ऑईलवर दाब देणारा पंप, दाबतो आणि ब्रेक ऑईलच्या दाबाने चाकातले लायनर ड्रमला भिडतात. ड्रायव्हरला वेगळं काही करावं लागत नाही. सोबत एक साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली असते. ट्रॉली जोडणारी पिन निसटलीच तर ती साखळी लिव्हर ओढते आणि ट्रॉलीचे ब्रेक लागतात.

गोम आहे रिव्हर्समध्ये. ट्रॅक्टर मागे घेतला की नळी तशीच आत सरकते, म्हणजे ब्रेक लागतात आणि ट्रॉली हलत नाही. त्यासाठी नळी अडवणारी एक लॉक पिन देतात. मागे घेताना लावायची, पुढे निघताना काढायची. पण फडात दहा वेळा मागे-पुढे करावं लागतं, खाली उतरायचा कंटाळा येतो, मग ड्रायव्हर त्या भोकात एक बोल्ट ठोकतो आणि विसरतो. माझ्याकडे आलेल्या एका ट्रॉलीचा बोल्ट तर चक्क वेल्डिंग करून टाकला होता. मालक सांगत होता, ब्रेक हंगामाच्या सुरुवातीलाच बसवलेत, खर्च केलाय. खर्च खरा होता, ब्रेक मात्र पूर्ण हंगाम बंद होता. यावर उपाय आहे. रिव्हर्सला आपोआप ढिले होणारे लायनर मिळतात, किंवा रिव्हर्स लाइटच्या वायरवर चालणारा वॉल्व्ह बसवता येतो. पैसे जास्त जातात, पण बोल्ट ठोकायची गरज उरत नाही.

दुसरं दुखणं ऑईलचं. टाकी रिकामी दिसली की हाताशी असेल ते ऑईल ओततात, बहुतेक ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक. मास्टर सिलिंडर उघडला की आतला रबरी वॉशर फुगून लिबलिबीत झालेला, बोटाने दाबला की दबतो आणि तसाच राहतो. मग एकटा वॉशर बदलून भागत नाही. चारही चाकांचे सिलिंडर आणि पाइप, सगळंच बघावं लागतं. डब्यावर डॉट-३ किंवा डॉट-४ लिहिलेलं ब्रेक ऑईलच घालायचं. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी बदलायचं. पाइपात अडकलेली हवा काढताना सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून करायची.

ड्रम तापत असेल तर लगेच लायनरला दोष देऊ नये. आधी नळी ग्रीसअभावी, चिखलाने अडकून आतच राहिलीय का बघा. मग रॉडला थोडी मोकळीक आहे का ते तपासा. आणि तापलेल्या ड्रमवर कॅनने पाणी ओतू नका. बिडाचा ड्रम तडकतो.

आता हेही सांगायला हवं की हा ब्रेक म्हणजे जादू नव्हे. अमेरिकेत बोटींच्या ट्रेलरला तो सर्रास असतो, पण तिथे 2007 साली व्यावसायिक वाहनांसाठी नियम करताना मर्यादा घातली : ट्रेलरचं मंजूर वजन फार तर 20,000 पौंड, म्हणजे साधारण नऊ टन, आणि त्या वजनाच्या ट्रेलरला ओढणाऱ्या वाहनाच्या मंजूर वजनाच्या सव्वापटीपेक्षा जास्त नको. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या सात-आठपट माल मागे असतो! घाटात हलक्या गिअरवर उतरताना ट्रॉली सतत रेटत असते, म्हणजे ब्रेक सतत घासत राहतो आणि नेमका गरजेच्या वळणावर तापून निकामी होतो. दोन ट्रॉल्या असतील आणि ब्रेक फक्त पुढच्या ट्रॉलीला असेल, तर मागची तिला आडवी करायलाच बसलेली असते. त्यामुळे माझ्या मते ब्रेक दोन्ही ट्रॉल्यांना हवा आणि माल कमी हवा. दुसरी गोष्ट कुणाला आवडणार नाही, वाहतूकदारालाही नाही आणि कारखान्यालाही नाही. पण टनेज वाढवत ठेवून ब्रेकवर भरवसा टाकता येत नाही.

कारखान्यांना माझी विनंती एवढीच. वाहतूक करार करताना, उचल देताना, तुम्ही ट्रॅक्टरची कागदपत्रं तपासता. त्याच दिवशी ट्रॉली आवारात उभी करून एक चाक जॅकवर घ्या, हाताने फिरवा, कुणाला तरी साखळीची लिव्हर ओढायला सांगा. चाक जागेवर थांबलं पाहिजे, लिव्हर सोडली की परत मोकळं फिरलं पाहिजे. असंच प्रत्येक चाक बघा. लॉक पिनच्या भोकात बोल्ट आहे का, तेही वाकून बघा. दोन माणसं आणि एक जॅक लागतो. बॉयलर पेटल्यावर हे कुणी करणार नाही, कारण तेव्हा ट्रॉली थांबवली की गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस आत नेणारा पट्टा, थांबते. म्हणून तपासणी कराराच्या वेळीच व्हावी.

आपला वाचक,
एक ट्रॉली फिटर, ता. वाळवा, जि. सांगली