चिंचोका जेलच्या खोक्यावरील खोट्या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : चिंचोका जेल (५० मि.ली.) – समोरचा दावा व मागची घटकयादी यांत तफावत, पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

चेहऱ्याला लावायच्या आपल्या जेलच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं आहे, ‘चिंचोक्याचं नैसर्गिक कवच, कृत्रिम पॉलिमर अजिबात नाही’. ती ओळ वाचूनच मी ते घेतलं. मागची बारीक अक्षरांतली यादी मात्र अशी : पाणी, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, कार्बोमर, फिनॉक्सीइथेनॉल, सुगंध आणि मग कुठे चिंचोक्याचं पॉलिसॅकराइड व कोरफडीचा अर्क.

कार्बोमर हा कारखान्यात तयार होणारा ॲक्रिलिक पॉलिमर आहे. त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. कितीतरी चांगल्या जेलमध्ये तो असतो. पण तो घालायचा आणि वर ‘कृत्रिम पॉलिमर नाही’ छापायचं, हे धडधडीत खोटं आहे.

कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; बाकीचे त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. जेल खराब होऊ नये म्हणून घालतात त्या फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादाच १ टक्का. मग त्याच्या मागे लागलेला चिंचोका १ टक्क्याच्या वर असेलच कसा? चिंचोक्याच्या पॉलिसॅकराइडसारखे डिंक थोड्या प्रमाणातही काम करतात, हे मान्य. म्हणूनच नेमका आकडा विचारते आहे. अर्धा टक्का आहे, की नावापुरता?

चिंचोक्याचा थर खरोखर चांगला धरतो. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात ती त्यासाठीच. ग्लिसरीनने पाणी धरायचं आणि वरच्या थराने ते उडू द्यायचं नाही, ही जोडी मला हवी होती. प्रत्यक्षात जेल सुकलं की चेहरा ओढल्यासारखा होतो. वरून सनस्क्रीन लावलं की नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर खोडरबराच्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या वळ्या निघतात. फोनवर ‘कमी लावा’ एवढंच उत्तर मिळालं. अगदी थोडं घेऊन, पूर्ण सुकू देऊनही तेच होतं.

माझे पैसे परत करावेत, चिंचोका आणि कोरफडीचं प्रमाण लेखी कळवावं आणि खोक्यावरची ती ओळ काढावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो