काका, आईचं केदारदर्शन झालं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घेता का" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहून राहिले. शिवाय नागपुरात आमच्यासारखी पुष्कळ घरं असतील, जिथे म्हाताऱ्या आईवडिलांचं केदारनाथ गुडघ्यांपायी राहून गेलंय. त्यांच्याही हे वाचण्यात यावं.

आईची इच्छा जुनीच. पण गौरीकुंडापासूनची 16 किलोमीटरची चढण, वर 3,583 मीटरची उंची, आणि मे-जूनमधली ती गर्दी! डॉक्टरांनी उंचीचं नाव काढताच मान हलवली. एका ट्रॅव्हलवाल्याला हिवाळ्याचं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा सगळं बंद. त्यापेक्षा दुबई करून घ्या." आई आठवडाभर ते दुबई ऐकवत होती.

तुम्ही मात्र घरी येऊन तिच्यासमोर बसलात आणि सांगितलंत की भाऊबीजेला केदारनाथचे पट, म्हणजे देवळाची दारं, बंद होतात, पण पूजा एक दिवसही खंडत नाही. देवाची पंचमुखी डोली, म्हणजे पालखी, रामपूर, गुप्तकाशी असे मुक्काम करत पायी उखीमठला येते आणि पुढे सगळा हिवाळा तिथल्याच ओंकारेश्वर मंदिरात देवाची पूजा चालते. उखीमठ साधारण 1,300 मीटरवर आणि गाडी गावापर्यंत जाते. हे ऐकूनही आई अडलीच. "मग ते खरं केदारनाथ नाही ना? काहून जायचं एवढ्या दूर?" त्यावर तुमचं उत्तर मी अजून लोकांना सांगत असते: "ताई, केदारनाथचं दार कधी उघडायचं ते महाशिवरात्रीला तिथंच, उखीमठला ठरते. जिथून मोठ्या देवळाची तारीख निघते, ते ठिकाण दुय्यम कसं?" आई गप्प. तुम्ही शाळेत गणित शिकवायचे, ते त्या दिवशी कळलं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन झाल्याशिवाय ती हलणार नव्हती, म्हणून डिसेंबरच्या शेवटाला निघालो. तुम्ही कालनिर्णयच्या पानामागे लाल पेनाने लिहून दिलेल्या सूचना पर्समध्ये होत्या. सकाळी आठच्या आधी गाडी काढू नका, चारनंतर डोंगरात राहू नका. ऋषिकेशहून देवप्रयाग, गढवालमधलं श्रीनगर, रुद्रप्रयाग. तिथून मंदाकिनीच्या काठाने अगस्त्यमुनी, कुंड आणि वर उखीमठ. सावलीच्या वळणांवर रस्त्यावर दव गोठतं, तिथे ड्रायव्हरशी गप्पा मारू नका. हे शेवटचं तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतं. कुंडच्या पुढे एका वळणावर डांबर काचेसारखं चमकत होतं, तेव्हा आमच्या बडबड्या ड्रायव्हरनेही बोलणं थांबवून गाडी पहिल्या गिअरवर घेतली.

आणि दर्शन! काका, अंगणात आम्ही आणि चारदोन गावकरी, बस. सीझनमध्ये वर केदारनाथला लोक तासन् तास रांगेत उभे राहतात आणि आत गेल्यावर "चलो, आगे चलो". इथे पुजाऱ्यांनी गोत्र विचारलं, नाव घेऊन संकल्प सोडला आणि आईला हवं तेवढा वेळ बसू दिलं. मद्महेश्वराची मूर्तीही हिवाळ्यात तिथेच असते, म्हणजे पंचकेदारांतले, शंकराच्या पाच केदारस्थानांतले, दोन एका ठिकाणी. उषा-अनिरुद्धाचं लग्न इथलंच मानतात, तेही आईने पुजाऱ्यांकडून खोदून खोदून ऐकून घेतलं. तिने नागपूरहून नेलेली संत्री नैवेद्याला ठेवली. परतताना मुक्कामाच्या घरच्या बाईंनी त्यांच्या झाडाचा माल्टा, म्हणजे तिकडचं संत्र्यासारखं फळ, चिरून, तिखट मीठ लावून दिला. आईने चारही फोडी संपवल्या आणि मला हळूच मराठीत म्हणाली, "आपल्या संत्र्यापुढे काय!"

बद्रीनाथच्या हिवाळी दर्शनाचं मी सोडूनच दिलं होतं. 2023 च्या जानेवारीत त्या वाटेवरच्या जोशीमठमध्ये घरांना तडे गेले, तेव्हापासून आमच्याकडे त्या गावाचं नाव काढलं की "नको"च. तुम्ही मुक्काम जोशीमठच्या अलीकडे पीपलकोटीला करायला सांगून मधला मार्ग काढलात. उखीमठहून चोपत्यावरून जाणारा रस्ता बर्फाने बंद होता, म्हणून तुमच्याच कागदाप्रमाणे रुद्रप्रयागला उतरून कर्णप्रयाग, चमोलीमार्गे गेलो. जोशीमठच्या नरसिंह मंदिरात शंकराचार्यांची गादी पाहिली आणि पुढे पांडुकेश्वरच्या योगध्यान बद्री मंदिरात, हिवाळ्यात बद्रीनाथहून तिथे येणाऱ्या उद्धव आणि कुबेराचं दर्शन घेतलं. पट बंद करताना बद्रीविशालाला, म्हणजे बद्रीनाथाला, माणा गावच्या बायकांनी विणलेलं, तूप लावलेलं लोकरी पांघरूण घालतात, हे कळल्यावर आई म्हणाली, "देवाची काळजी घेणारी माणसं आहेत बाप्पा." तिला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

गरम पाण्याची पिशवी, दोन जोड लोकरी मोजे आणि बीपीच्या गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, या तुमच्या हट्टाबद्दल वेगळे आभार. उखीमठला रात्री लाइट गेले तेव्हा त्या गरम पाण्याच्या पिशवीचं मोल कळलं. आणि रोज संध्याकाळी साडेसहाला येणारा तुमचा फोन! आधी त्याचा मला थोडा कंटाळाच यायचा, खरं सांगते. नंतर आईच सव्वासहापासून मोबाइल हातात धरून बसायची.

आता एक सूचना तुम्हाला. आईने भजनी मंडळात सगळं सांगितलंय. हिवाळ्यात गंगोत्रीच्या गंगेची मूर्ती मुखबा गावी आणि यमुनोत्रीच्या यमुनेची खरसालीला येते, हेही तुमचंच ऐकून तिने तिथे पसरवलं. आता सात-आठ जणी रविवारी तुमच्याकडे येणार आहेत, पेन-वही घेऊन. काकूंना चहाचं आधीच सांगून ठेवा. साखर आमच्याकडून.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची