२८ सप्टेंबरचा दर्शनी फळा

नागपूर,
२० सप्टेंबर

चिरंजीव बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या शाळेच्या दर्शनी फळ्याचा फोटो काल रात्री मिळाला. पुढील पंधरवड्याचा परिपाठ तुझ्याकडे आला आहे हे वाचून फार आनंद झाला. सोबत २८ सप्टेंबरच्या दिनविशेषासाठी तू मोबाइलवरून उतरवून काढलेली चौदा नावांची यादीही पाहिली. तिच्याविषयी फोनवर बोलण्यापेक्षा लिहिणे बरे, असे वाटले. तुमच्याकडे फोनची रेंज अर्ध्या वाक्यात जाते आणि मला जे सांगायचे आहे ते सलग सांगितल्याशिवाय कळण्यासारखे नाही.

मी एकतीस वर्षे नागपुरात शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे शाळेचा दर्शनी फळा माझ्याच हातात होता. वर वार आणि दिनांक, त्याखाली सुविचार, मधोमध दिनविशेष, उजवीकडे पट आणि हजेरी, ही मांडणी तुझ्याही शाळेत तशीच आहे. त्या मधल्या चौकटीत चौदा नावे कोंबली की काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. परिपाठाला उभा राहिलेला मुलगा ती एका दमात वाचून टाकतो, रांगेतील मुले पायाने माती उकरत उभी राहतात आणि प्रतिज्ञा संपेपर्यंत एकही नाव कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. म्हणून तुला एवढेच मागते की त्या दिवशी फळ्यावर दोनच गोष्टी लिही, पण त्या पूर्ण सांग. आणि फळ्यावर जाणारी प्रत्येक तारीख कोणी लिहून ठेवली, कशावरून लिहिली, हे आधी स्वतः तपासून घे.

हे तपासणे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून मी २८ सप्टेंबरला भगतसिंगांची जयंती लिहिली. सातवीतील एक मुलगा दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आला आणि त्यात २७ सप्टेंबर दिली आहे असे म्हणाला. मी त्याला पुस्तकात छपाईची चूक असेल असे सांगून बसवले. पुढे वाचले तेव्हा कळले की १९०७ साली लायलपूर जिल्ह्यातील बंगा गावी जन्मलेल्या भगतसिंगांची जन्मतारीख २७ आणि २८ अशी दोन्ही दिली जाते. त्या मुलाचे काहीही चुकले नव्हते. तोवर तो शाळा सोडून गेला होता आणि त्याला हे सांगायचे राहून गेले, ते मला आजही बोचते. तू मुलांना दोन्ही तारखा सांग. त्यांच्या जाण्याची तारीख मात्र पक्की आहे आणि तिच्यातही सांगण्यासारखे आहे. फाशी २४ मार्च १९३१ ला ठरली होती. सरकारने ती आदल्या संध्याकाळीच, २३ मार्चला, लाहोरच्या तुरुंगात उरकली. जन्माच्या दिवसाविषयी घरच्या आठवणीवर विसंबावे लागते, तर मृत्यूचा दिवस सरकारी दप्तरात असतो, हा फरक सहावी-सातवीच्या मुलांना नीट समजतो.

तुझ्या यादीतील पेनिसिलिनचेही तसेच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील प्रयोगशाळेत बुरशी चढलेली काचेची बशी २८ सप्टेंबर १९२८ रोजी सापडली, असे सर्वत्र छापलेले असते. परंतु ते सुटीवरून परतले होते सप्टेंबरच्या आरंभी आणि त्यांच्या वहीतील या बुरशीविषयीची पहिली नोंद ऑक्टोबरच्या अखेरची आहे. २८ ही तारीख त्यांनी पुढे अनेक वर्षांनी आठवून सांगितली. बशी मात्र खरी होती. बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेले होते, हे त्यांच्या नजरेने टिपले, आणि त्या बुरशीतून औषध काढून माणसाला टोचण्याइतके तयार करायला ऑक्सफर्डमधील फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४१ साल उजाडावे लागले. तेव्हा फळ्यावर ‘पेनिसिलिनचा शोध’ एवढेच लिहून थांबू नकोस, नाहीतर बारा-तेरा वर्षांचे काम एका सकाळीत झाले असे मुलांना वाटेल.

आता त्या दिवसाच्या पहिल्या गोष्टीकडे येते. ती आपल्या नागपूरची असूनही तुझ्या यादीत नव्हती, याचे मला वाईट वाटले. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. या तारखेला कोणाच्या आठवणीचा आधार घ्यावा लागत नाही, कारण कागद आहे आणि त्याखाली सह्या आहेत. त्या वेळी मराठी मुलूख तीन राज्यांत वाटलेला होता: आपला विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि उरलेला भाग मुंबई राज्यात. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते, येथे स्वतःचे उच्च न्यायालय होते, आणि एक मराठी राज्य झाले तर हे सगळे सोडून मुंबईच्या मागे जायचे, ही विदर्भाची साधी आणि रास्त धास्ती होती. तिला उत्तर म्हणून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे आदी पुढाऱ्यांनी या करारावर सह्या केल्या. राजधानी मुंबईच राहील, पण शासन दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे भरेल. उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपुरात राहील. नोकऱ्या, शिक्षणाच्या सोयी आणि विकासाचा खर्च यांत प्रत्येक भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असे त्यात ठरले. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तरी १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे.

तू लहान असताना डिसेंबरात शाळेची बस सिव्हिल लाइन्सला वळसा घालून का येते, असे दर वर्षी विचारायचीस. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला लागलेले कठडे, टेकडी रोडवर थांबवलेले मोर्चे, फुटपाथवर शिदोरी सोडून बसलेल्या बायका, बिल्ले लावून हिंडणारे बाहेरगावचे पोलीस, हे सगळे नागपुरात अधिवेशन भरवण्याच्या त्या एका कलमातून आलेले आहे. गडचिरोलीचा माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन मुंबईला जाऊ शकत नाही, नागपूरपर्यंत येऊ शकतो. त्या कलमाचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो. पण हे सांगताना २३ नोव्हेंबर १९९४ सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. त्या दिवशी अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन आलेला गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकापुढे मी तुला नेले होते, ते तुला आठवत असेल. तुझ्या वर्गात गोवारी घरांतील मुले असतील तर त्यांना ही तारीख तुझ्या आधीपासून ठाऊक असेल. तेव्हा सांगण्यापूर्वी त्यांचे ऐकून घे. करारातील वाट्याची कलमे किती पाळली गेली, हा वाद आपल्याकडे घरोघर चालतो. तो परिपाठात आणू नकोस, पण एखाद्याने विचारले तर टाळूही नकोस.

दुसरी गोष्ट लुई पाश्चर यांची घे. ते २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले आणि त्यांच्या स्मृतिदिनी जागतिक रेबीज दिन पाळतात. तुझ्या यादीत हे दोन वेगळ्या ओळींत होते. ते एकच आहे. ६ जुलै १८८५ रोजी अल्सासमधील नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई घेऊन पाश्चर यांच्याकडे आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी फाडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते, त्यामुळे त्यांना स्वतः सुई टोचता येत नव्हती. सशांच्या मज्जारज्जूंपासून त्यांनी तयार केलेली लस एका डॉक्टरने टोचली. पहिल्या दिवशी जुना वाळलेला, अगदी दुबळा अंश आणि मग रोज थोडा अधिक ताजा, अशी ती मात्रा चढत गेली. मुलगा वाचला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच राखणदार म्हणून राहिला.

माझ्या वर्गातील एका मुलाची पोटरी अशीच कुत्र्याने धरली होती. तो लंगडत शाळेत आला तेव्हा जखमेवर तिखट आणि चुना लिंपलेला होता, आणि पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील या भीतीने त्याने दोन दिवस ती पायजम्याखाली लपवली होती. आम्ही नळाखाली साबणाने ती धुतली आणि त्याला तसेच रिक्षात घालून दवाखान्यात नेले. पोटातल्या सुयांचा काळ कधीच संपला आहे, आता लस दंडात देतात. तुझ्या मुलांना वाक्यन्‌वाक्य असे सांग: कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची, तिखट, हळद, चुना काहीही लावायचे नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना लस घ्यायची, कारण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय राहत नाही. हातपंपावर एका मुलाला उभे करून पंधरा मिनिटे घड्याळ लावून दाखव. पंधरा मिनिटे किती लांब असतात, हे त्याशिवाय कळत नाही.

बाकीची नावे पुढच्या वर्षांसाठी राखून ठेव. लता मंगेशकर इंदूरला १९२९ साली याच दिवशी जन्मल्या, घरी प्रथम त्यांचे नाव हेमा होते आणि तेरावे वर्ष चालू असताना वडील गेल्यावर त्या कामाला लागल्या. एवढे सांगून एखादे गाणे मुलांकडूनच म्हणवून घेतलेस तरी पुरे. अभिनव बिंद्रा १९८२ चा. एडविन हबल हा खगोलशास्त्रज्ञ नेमका नागपूर करार झाला त्याच दिवशी, त्याच साली वारला, आणि २०१५ मध्ये याच तारखेला आपल्या इस्रोने ॲस्ट्रोसॅट ही वेधशाळा अवकाशात पाठवली. हा योगायोग मला आवडतो, परंतु तो योगायोग आहे, असे मुलांना स्पष्ट सांगावे.

एक नाव मात्र तुझ्या यादीत हवे होते. शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या घरी झोपेत असताना गोळी घालण्यात आली. दल्ली राजहराच्या लोहखाणीतील मजुरांची त्यांनी संघटना बांधली होती, आणि त्या मजुरांनी आपल्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभे केले. दल्ली राजहरा छत्तीसगडात, तुझ्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. तुझ्या गावातील वयस्क माणसांपैकी कोणी तिकडे कामाला गेले असेल, तर फळ्यावर लिहिण्याआधी त्यांना विचार.

तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस की हजेरीपटात निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून कशी. ती माझ्याही दाखल्यावर आहे. आजोबा मला शाळेत घेऊन गेले, गुरुजींनी तारीख विचारली, आजोबांना सांगता येईना, तेव्हा त्यांनी १ जून लिहून टाकले आणि त्या १ जूनप्रमाणेच मी सेवानिवृत्त झाले. आजी मात्र सांगत असे की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत गल्लीच्या तोंडाशी आली आणि ‘घेऊन जा गे मारबत’ हा गलका चालू असताना तू झालीस. जुने पंचांग मिळवून मी ती तारीख काढली, तेव्हा माझे वय पस्तिशीपुढे गेले होते. तिथी माहीत असली की तारीख सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमी होती, म्हणून दीक्षाभूमीवर लोक दसऱ्यालाही लोटतात आणि १४ ऑक्टोबरलाही येतात. दोन्ही बरोबरच आहे.

तेव्हा या रविवारी वर्गातील १ जूनच्या मुलांना घरी विचारून यायला सांग: पेरणी चालू होती की धान कापणी, मोह पडत होता की तेंदूपत्ता तोडत होते, कोणता सण होता, आधीचे भावंड केवढे होते. मिळालेल्या खुणा एका वहीत लिहून ती वही दिवाळीला घेऊन ये; जुनी पंचांगे मी कपाटातून काढून ठेवते, आपण दोघी बसून पाहू. हजेरीपटातील नोंद बदलू नकोस, ते काम रीतसर अर्जानेच होते. वेगळी वहीच ठेव.

इकडे सर्व खुशाल आहे. बाबांचा गुडघा बरा आहे. पावसात पुलावरून पाणी जात असेल तर शाळेसाठी घाई करू नकोस.

तुझी,
आई