कांदा आधीच गुलाबी असतो, पुढं काय करायचं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्यानं स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी सोप्या, पौष्टिक शाकाहारी पदार्थांचं सदर सुरू झालंय. कल्पना चांगली, फोटोही झकास. पण गेल्या रविवारी त्यात क्विनोआचं सॅलड, परतलेली ब्रोकोली आणि ओव्हनमध्ये 180 अंशांवर भाजायचं काहीतरी वाचलं, आणि म्हटलं आता पत्र लिहिलंच पाहिजे.

मी साताऱ्यात, गोडोलीला खानावळ चालवते. माझ्याकडे जेवणारी पोरंपोरी माण-खटावची, पाटणची, जावळीची. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी एमआयडीसीत लागलंय, कुणी कॉलेजात आहे. तुमचे नवशिके ते हेच. यांच्या खोलीवर एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई आणि आईनं दिलेला चटणीचा डबा एवढा संसार असतो. ओव्हन कुठून आणायचा? आणि क्विनोआचं म्हणाल, तर शेतकीचं शिकणाऱ्या एका मुलानं मला सांगितलं की तो आणि आपला चाकवत जवळचे भाऊबंद आहेत. त्याचं बी खातात, याचा पाला. चाकवताची पेंडी मंडईत मिळते, मग त्याचीच भाजी छापा की!

माझी खरी तक्रार जिन्नसांची नाही, सांगण्याच्या पद्धतीची आहे. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, खानावळी बंद झाल्या आणि काही पोरं खोलीवरच अडकली. त्यांना मी फोनवरून स्वयंपाक सांगायचे. काय काय प्रश्न यायचे! ‘मावशी, तेल तापलं हे कसं ओळखायचं?’ ‘चवीपुरतं मीठ म्हणजे किती चमचे?’ ‘नुसतं सुसू चाललंय, ही शिट्टी धरायची का?’ एकाला ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परत’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मावशी, कांदा आधीच गुलाबी आहे, पुढं काय करू?’ हसू आलं, पण त्याचं काय चुकलं? ज्यानं कधी गॅस पेटवला नाही त्याला नेमकं जिथं अडतं, तेवढंच आपल्या सदरात गाळलेलं असतं.

मी सगळ्यांना पहिली मूगडाळीची खिचडी करायला लावते. माप आपल्या आमटीच्या वाटीचं आणि चहाच्या चमच्याचं. एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ, दोन्ही एकत्र धुऊन निथळायचं. कुकरमध्ये दोन चमचे तेल, आच मध्यम. त्यात मोहरीचे चार दाणे टाकून बघायचे. लगेच तडकले तर तेल तापलं, बुडाशी गप्प बसले तर थांबायचं. मग बाकीची मोहरी टाकून वर ताट आडवं धरायचं. आवाज कमी झाला की जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, आणि हळद करपायच्या आत कांदा. कांदा मऊ पडून कडेनं आरपार दिसायला लागला की झाला. मग गाजर, दुधी, फरसबी, मटार, जे असेल ते चिरून वाटीभर. तांदळापेक्षा भाजी जास्त दिसली तरी घाबरायचं नाही. मग डाळ-तांदूळ, अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ आणि अडीच वाटी गरम पाणी. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून आणखी दोन. सुसू म्हणजे शिट्टी नव्हे. वजन उचलून जोरात वाफ जाते ती शिट्टी. गॅस बंद केल्यावर झाकणाशी झटापट करायची नाही, वाफ आपोआप उतरू द्यायची. कुकर दोन तृतीयांशाच्या वर कधी भरायचा नाही आणि डाळ, कडधान्य असेल तर निम्म्यावरच थांबायचं. आता ही एवढी लांबण तुमच्या चौकटीत मावत नसेल, तर फोटो लहान करा.

पिठल्याला एवढी लांबण लागत नाही. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मटकी तर त्याहून सोपी. रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा. साताऱ्याच्या थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो. मे महिन्यात मात्र लक्ष ठेवा, नाहीतर आंबूस वास येतो.

घेवड्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या सदरात राजमा ‘रात्रभर भिजवून शिजवून घ्या’ एवढ्यावर उरकला होता. आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तोही राजम्याचाच प्रकार. ही कडधान्यं कच्ची किंवा अर्धवट शिजलेली पोटात गेली तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. त्यांत लेक्टिन नावाचा जो घटक असतो, तो चांगल्या उकळीनंच मरतो. म्हणून भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात दाणा शिजवायचा आणि दोन बोटांत दाबून बघायचा. आत जरासाही कण लागला तर पुन्हा कुकर लावायचा. कुकरात नीट शिजवलेल्या घेवड्याची काही भीती नाही. पण हल्ली खोल्यांवर विजेच्या किटलीत काय वाट्टेल ते शिजवतात. किटली पाणी उकळलं की आपणहून बंद पडते, तिच्यात घेवडा शिजत नाही. हे वाक्य तुम्ही ठळक अक्षरात छापावं असं मला मनापासून वाटतं.

भाकरीबाबत माझं मत अनेकांना पटणार नाही. नवशिक्याला भाकरी शिकवायला घेऊ नये. ती थापताना मोडते, तव्यावर चिरते, आणि ‘आपल्याला स्वयंपाक जमत नाही’ म्हणत पोरगं पुन्हा वडापावकडं वळतं. भाकऱ्या करून देणाऱ्या बायका गावात आहेत, त्यांच्याकडून घ्याव्यात. स्वतःच करायचं तर ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर घालून धिरडं घालावं.

पौष्टिक म्हणजे काय याचंही थोडं लिहीत जा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या ज्या सूचना काढल्या, त्यांत निम्मं ताट भाज्या-फळांचं धरलंय. दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळं. आमच्याकडं पोरं भाताचा ढीग घेतात आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण आणि नूडल्सच्या पुडीतला मसालाही आला. मग जेवणात किती उरलं ते बघा. मेथी, तांदुळजा आधी धुवावा आणि मग चिरावा. चिरून धुतला तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवल्याजेवल्या चहा घेतला की कमी लागतं. हे मी भरतीच्या पोरींना रोज सांगते. लिंबू पिळतात, पण चहा काही सुटत नाही. शाकाहारी माणसाला बी-12 मुख्यतः दूध, दही, ताकातूनच मिळतं, तेव्हा ताटाशेजारी दह्याची वाटी हवीच.

मध्यंतरी एका मुलाचे वडील मला म्हणाले, ‘पोरगा शिकायला ठेवलाय, त्याला चुलीपुढं बसवू नका.’ मी त्यांना म्हटलं, तुम्ही साताऱ्यात उभे आहात. कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि स्वयंपाकाची कामंही वाटून घ्यायची. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या बोर्डिंगातून शिकून पुढं कितीतरी जण मोठे झाले, चुलीपुढं बसल्यानं कुणाचं शिक्षण अडलं नाही. ते काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा आता कांदेपोहे बरे करतो.

तेव्हा संपादक महाशय, विनंती अशी की पाककृती एका माणसाच्या मापात द्या, कारण खोलीवर चारजणांचं कुणी रांधत नाही आणि उरलेलं ठेवायला फ्रिज नसतो. जिन्नस असे द्या की आमच्या वाण्याकडं आणि मंडईत मिळतील. आणि छापण्याआधी ती पाककृती, ज्यानं आजवर गॅस पेटवलेला नाही अशा एखाद्याला, कुणीही शेजारी उभं न राहता, करून बघायला सांगा. तुमच्या कार्यालयात असा एखादा उपसंपादक नक्की सापडेल. नाहीच सापडला तर संध्याकाळी सातनंतर माझ्याकडं माणूस पाठवा, पंगतीतला हवा तो पोरगा देते.

आपली,
एक खानावळवाली
गोडोली, सातारा