नाव वगळले, पण कुणी आणि का?

संपादक महोदय,

दहावी-बारावीच्या परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आणि द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आपल्या जिल्ह्यात एकाच सुमारास येतात. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात आणि दहावीतली पोरंही त्यांच्याबरोबर जातात. हजेरीपटावर मग त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते.

मी २६ वर्षे शाळेच्या कार्यालयात लिपिक होतो. निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या हंगामातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. आमच्याकडे हजेरी, फी आणि परीक्षेच्या नोंदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये होत्या. महिनाभर न आलेल्या एका मुलीच्या नावापुढे कुणीतरी 'शाळा सोडली' ही नोंद केली आणि परीक्षार्थींच्या यादीतून ती आपोआप गळली. ९० नावांची यादी ८९ ची झाली, ते कुणाच्याच लक्षात आले नाही. प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षार्थींच्या नोंदी तपासायची यादी, सह्यांसाठी वर्गात फिरली तेव्हाही ती बागेतच होती.

डिसेंबरात ती वडिलांबरोबर कार्यालयाच्या खिडकीशी आली, सराव परीक्षेचे वेळापत्रक विचारायला. मी संगणकावर नाव शोधले, सापडेना. शेवटी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली मूळ वही, काढले. तिथे नाव जसेच्या तसे होते आणि शाळा सोडल्याचा दाखला दिल्याच्या रकान्यात काहीच नव्हते. एवढ्या एका पुराव्यावर धावपळ करून, जादा विलंब शुल्क भरून अर्ज गेला. ते पैसे आम्ही शिक्षक-कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून भरले, कारण चूक तिची नव्हतीच.

रजिस्टरमध्ये नाव कमी करायचे तर लाल शाईची रेघ मारायची, शेजारी कारण, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. रेघेखालचे नाव वाचता यायचे. सॉफ्टवेअरमध्ये हे का असू नये? 'डिलीट' हे बटणच काढून टाका. माघार, म्हणजे यादीतून नाव काढणे, ही स्वतंत्र नोंद असावी: कुणी केली, कधी, कशामुळे, पालकांची सही आहे की नाही. आणि अर्जाची मुदत संपेपर्यंत ती मागे घेता यावी. यादीतून एक जरी नाव कमी झाले तरी पडद्यावर तसे ठळक दिसले पाहिजे. आता बोर्डाचे अर्ज यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या शालेय माहिती प्रणालीतल्या पेन क्रमांकावर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) चालतात, त्यामुळे तिथे मूल चुकून ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळेतून गेलेल्यांच्या यादीत, गेले तर निस्तरणे आणखी अवघड होते.

दुसरी बाब बोलायला कटू आहे. शंभर टक्के निकालाच्या हव्यासापायी कच्च्या मुलांना 'सतरा नंबरचा फॉर्म भर', म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा दे, असे सुचवले जाते, हे शिक्षण क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. माघारीवर पालकांची सही आणि लेखी कारण सक्तीचे झाले, तर हे गुपचूप करता येणार नाही.

बोर्डाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार हे चार जिल्हे येतात आणि हंगामी स्थलांतर या सगळ्या पट्ट्यात आहे. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे की, यंदा यादी पाठवण्याआधी ती जनरल रजिस्टरशी नावानिशी ताडून पाहा. एकाने रजिस्टरमधून वाचायचे, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. ९० मुलांना एक दुपार पुरते.

— एक निवृत्त शालेय लिपिक, पंचवटी, नाशिक